झालरीआडचा मणी

येनेकेने काही विचारलं नाही. डाव्या हाताने मी शिवलेलं बॉनेट, जुन्या काळच्या इंग्रज बायकांची टोपी, उलटं धरलं, उजव्या हाताच्या बोटाने काठाच्या आतली रेशमी झालर जराशी उचलली आणि ॲप्रनला लटकवलेली बोटभर कात्री आत घालून एक दोरा कापला. आवाजसुद्धा झाला नाही. काळा मणी टेबलावर पडला, दोनदा उडाला आणि खाली कुठेतरी गेला. "एक काळा मणी राहून गेला होता आत," येनेके म्हणाली. "त्या काळात काळा म्हणजे घरातलं कोणी गेल्याची खूण, उत्तरा. आणि हे तर नव्या नवरीचं बॉनेट." मी म्हणाले, "हो, चालेल."

हे 'चालेल' इतक्या चटकन तोंडातून निघालं की माझाच मला राग आला. राहून गेला म्हणे! तीन गाठी मारून बसवलेला मणी कधी राहून जातो का? पण येनेके तोवर पुढच्या टेबलाकडे वळलीसुद्धा होती. या छोट्या वस्त्रसंग्रहालयाच्या कार्यशाळेची ती सर्वेसर्वा. वय अडुसष्ट, पाठ ताठ, चष्मा दोरीने गळ्यात, आणि दिसलेली चूक जागेवर राहू द्यायची नाही हा बाणा. आइंडहोवनहून ट्रेनने सव्वा तासावरच्या या नदीकाठच्या गावात दर डिसेंबरात एका रविवारी लोक व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रज होऊन रस्त्यावर फिरतात. डच माणसांनी इंग्रज कशाला व्हायचं हे विचारू नये. आपल्याकडे आयटीतली मुलं फेटे बांधून मावळे होतात, तेव्हा आपण कुठे विचारतो. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात एक खरं बॉनेट आहे, १८५५ सालचं, इथल्या धान्यव्यापाऱ्याने लग्न करून आणलेल्या इंग्रज बायकोचं. गवताच्या विणीचं, कडेला तार, वर जांभळट निळ्या रेशमी फिती, मानेवर उतरणारा पदर आणि काठाच्या आत, अगदी चेहऱ्याभोवती, झालर: फितीच्या बारीक चुण्यांच्या तीन ओळी. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाटासमोर मोठ्याने हसले होते. ही तर बायांची कुंची! बाळाला घालतात तशीच, चेहरा गोल झाकणारी, मान सांभाळणारी, हनुवटीखाली बंद. फक्त आतलं बाळ बावीस वर्षांचं. यंदा त्याची हुबेहूब प्रतिकृती करायची होती. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालणाऱ्या मुलीच्या डोक्यावर ती असणार, आणि रविवारनंतर कायमची त्या कपाटात, मूळ बॉनेटच्या शेजारी. आम्ही दहा जणी दर बुधवारी तिथे फुकट शिवायला जायचो, आणि प्रतिकृतीचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं, मी ते मिळवलं होतं.

त्या तीन ओळींनी सगळ्यांना रडकुंडीला आणलं होतं. बायका पट्टी लावून चुण्या मोजत, टाचण्या टोचत, दोरा ओढून ओढून ताठ करत, आणि चुण्या शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या निमूट उभ्या राहत. मूळ बॉनेटवरच्या चुण्या हलत होत्या, काचेआड, वारा नसताना. मी तीन बुधवार नुसती बघत होते आणि कॉफी करत होते, कारण नव्या बाईने कॉफी करावी असा तिथे न लिहिलेला नियम होता. चौथ्या बुधवारी हातभर फीत पर्समध्ये टाकून घरी आणली. पट्टी नाही, टाचणी नाही. बोटाच्या पेरावर घडी, पुढची घडी पेराच्या अर्ध्यावर, दोरा सैल. पुढच्या खेपेला तो तुकडा येनेकेपुढे ठेवला. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "सांगलीत." "ती शाळा आहे का?" मी म्हणाले, हो. त्यात फारसं खोटं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून मणी शोधला. हीटरच्या नळीखाली, धुळीत होता. तो मुठीत धरून स्टेशनवर आले, ट्रेनमध्ये बसले, आणि बाहेर सपाट हिरवी शेतं, पाण्याचे चर, ओल्या पाठीच्या मेंढ्या सरकत असताना माझी मूठ काही उघडेना. सांगलीला गणपती पेठेत बाबांचं दुकान होतं. कापडाचं नव्हे, कापडाच्या काठांचं: फिती, लेस, गोटा, जरीच्या किनारी, झालरी, बटणं, मणी. पेठेतले कापडवाले त्यांना मोरूशेठ किनारवाले म्हणायचे, आणि त्या शेठ म्हणण्यात चेष्टाच जास्त असायची, कारण त्यांचे तागे छतापर्यंत आणि आमचा सगळा माल बुटांच्या खोक्यांत. बाबांना त्याचं काही नव्हतं. कापड नेसणाऱ्यासाठी असतं, काठ बघणाऱ्यासाठी, म्हणायचे, आणि जगात बघणारे कधी कमी पडत नाहीत. फीत मोजताना ते ती कधी ताणत नसत. पितळी गजावर सैल सोडून मोजत, वर चार बोटं जास्तच जायची. "अहो मोरूशेठ, तोटा कशाला करून घेता?" असं गिऱ्हाईकच त्यांना म्हणे. "ताणलेली फीत घरी गेली की आखडते, वहिनी. मग रुसते. रुसलेल्या फितीचं काही करता येत नाही." मी आठ-नऊ वर्षांची, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून हे ऐकत असे आणि कापलेल्या फितींचे तुकडे बोटांवर दुमडत असे. गृहपाठ राहिला म्हणून मार खाल्लाय, पण तुकडे दुमडले म्हणून कोणी रागावल्याचं आठवत नाही.

आई दुकानामागच्या खोलीत कुंच्या शिवायची. खणाच्या, मखमलीच्या, कडेला गोटा, चेहऱ्याभोवती झालर, मागे पाठीवर उतरणारा पदर. त्या दुकानाच्या दारात ओळीने टांगलेल्या असत आणि वाऱ्याने फुगल्या की आत अदृश्य बाळं असल्यासारख्या वाटत. कुंची पुरी झाली की सगळ्यांत शेवटी आई डाव्या कानशिलापाशी, झालरीच्या आत, कोणाला दिसणार नाही असा एक काळा मणी शिवायची. तीन गाठी. दृष्ट लागू नये म्हणून हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. मणी बसला की ती सुई उशीत खोचायची, पाठ ताठ करायची आणि "उत्तरे, चहा टाक" म्हणायची. म्हणजे झालं काम. मण्याआधी कितीही सुंदर दिसत असली तरी ती कुंची दारात जायची नाही. एकदा बारशाला निघालेली एक बाई दुकानात घाईघाईने आली, टांगा बाहेर उभा. मणी राहिलेली एकच कुंची तिला पसंत पडली. "राहू दे हो तो मणी, मला उशीर होतोय," म्हणाली. माझी आई, जी कधी बाबांपुढेही आवाज चढवून बोलली नाही, तिने त्या बाईच्या हातातून कुंची काढून घेतली. "मग उद्या या," म्हणाली. बाई थांबली. टांगेवाला ओरडत राहिला आणि आई आपली एक-एक गाठ मारत होती. बाबा गजावरून मान वर न करता हसत होते, ते मला अजून दिसतं.

आणि मी अशा आईची मुलगी! माझी लेक हिमानी फेब्रुवारीत झाली, आम्हाला आइंडहोवनला येऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांचं आजारपण निघालेलं, त्यामुळे आईला येता आलं नाही. तिने खणाचा तुकडा, गोटा आणि कागदाच्या पुडीत एक काळा मणी पोस्टाने धाडला. सातव्या-आठव्या महिन्यात खिडकीत बसून मी कुंची शिवली. बाहेर बर्फ, आत मी आणि रेडिओवर न कळणारी भाषा. मणी शिवला, पाठ ताठ केली, आणि चहा टाक म्हणायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःच टाकला. इथे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी नर्स येते. आमची फार चांगली होती, मोठ्या हातांची, गुलाबी. तिने मला बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं, गादीत गरम पाण्याची पिशवी ठेवायला शिकवलं. पहिल्याच सकाळी तिने हिमानीची कुंची काढली. घरात डोकं झाकायचं नाही, बाळाची ऊब डोक्यातून बाहेर पडायला हवी. मग झालर चाचपताना बोटाला मणी लागला, तर नखं कापायच्या कात्रीने तो कापून तिने माझ्या चहाच्या बशीत ठेवला. हा तोंडात गेला तर? हसत म्हणाली. तिचं बरोबर होतं. येनेकेचंही बरोबरच आहे. बरोबर असलेल्या माणसावर रागावता येत नाही, हीच पंचाईत. मी तेव्हाही म्हणाले होते, "हो, चालेल." कुंची घडी करून ठेवली ती पुन्हा घातली नाही. मग ते चालेल माझ्या जिभेवर बसलंच. शाळेत वास येतो म्हणून हिमानीने केसांचं तेल बंद करायला सांगितलं, चालेल. ती मराठीला डचमध्ये उत्तर देऊ लागली, चालेल. माझं नाव कोणाच्या तोंडी नीट बसेना, तेही चालेल. मी दुःखी होते असं नाही. उलट माझं कसं छान चाललंय असंच मी सांगलीला लिहीत असे, आणि ते खरंही होतं. फक्त मणी बटणांच्या डब्यात होता. सत्तावीस वर्षं. या बॉनेटची शेवटची झालर बसली तेव्हा माझा हात विचार न करता त्या डब्यात गेला होता, आणि आता तोच मणी दुसऱ्यांदा कापला जाऊन माझ्या मुठीत होता. ट्रेन आइंडहोवनला थांबली तरी मी बसून होते. सफाईवाल्याने विचारलं, ताई बरं आहे ना, म्हणजे त्याच्या भाषेत. मी मूठ उघडली. तळहातावर मण्याचा गोल ठसा उठला होता.

जेवताना श्रीधरना सांगितलं. ते चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत; केसाच्या जाडीचे हजारो भाग करून त्यातल्या एका भागाच्या चुकीवर महिनाभर मीटिंगा घेणारा माणूस. "अहो, तुमच्या मशीनमधला तुम्ही लावलेला स्क्रू कोणी न विचारता काढला तर?"

"न विचारता? चेंज रिक्वेस्ट नाही, रिव्ह्यू नाही? घरी पाठवतील त्याला." मग आमटी वाढून घेत म्हणाले, "पण तुझा मणी स्पेकमध्ये होता का?"

"नव्हता."

"मग झालं की. ओरिजिनलमध्ये नाही, कॉपीत आहे, म्हणजे डिफेक्ट. बाई चुकली नाही."

"तो हिमानीच्या कुंचीचा मणी होता."

त्यांनी वाटी खाली ठेवली. त्या सकाळी ते त्याच खोलीत होते, नर्सला कॉफी देत होते. "तेव्हा तू काही बोलली नव्हतीस," म्हणाले.

"तुम्हीही नाही."

मग ताक पिऊन झाल्यावर श्रीधर म्हणाले, "असं कर. डॉक्युमेंट कर. लिहून ठेवलं ना, की डिफेक्टचं फीचर होतं." तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माफी मागितली ती अशीच. मला पुरते.

दुसऱ्या दिवशी हिमानीचा फोन आला. ती वाखनिंगनला रोपांच्या मुळांवर संशोधन करते, गरोदर आहे, सातवा महिना चालू आहे, आणि मुळांविषयी मराठीत बोलायचं तर माझ्यापेक्षा तिचीच जास्त अडचण होते. "आई, इट्स वन बीड," म्हणाली. "लेट इट गो ना." एरवी मी सोडलंही असतं. पण मी तिला सगळं सांगितलं, बशीत ठेवलेल्या मण्यापर्यंत. तिला कधीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच मला बुधवारपर्यंत कळलं नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "संडेला मी येते." बस्स, एवढंच. मी फोन ठेवला आणि सुईची डबी पर्समध्ये टाकली. परीक्षेच्या आदल्या दिवसासारखी भीती होतीच, पण चक्क मजाही वाटत होती.

शनिवारी शेवटची तपासणी. बॉनेट लाकडी डोक्यावर ठेवलेलं होतं, आणि ते मागे डोलू नये म्हणून येनेकेने नेहमीप्रमाणे आत टिश्यू पेपर कोंबला होता. मूळ बॉनेटही कपाटात तसंच उभं असतं, पोटात कागद भरून. दहाही जणी होत्या, मिरवणुकीत पुढे चालणारी लोते पहिल्यांदाच मापाला आली होती. एकोणीस वर्षांची, बारीक कापलेल्या केसांची, गोड पोर. मी बॉनेट उचललं, खिडकीपाशी बसले आणि सुईत दोरा ओवला. लपूनछपून नाही. सगळ्यांसमोर, भर उजेडात. येनेके आली आणि माझ्या डोक्याशी उभी राहिली. तिच्या ॲप्रनवरची ती कात्री माझ्या डोळ्यांसमोर हलत होती.

"उत्तरा, हे आपलं बोलून झालं होतं."

"नाही," मी म्हणाले. "तू बोलली होतीस."

बायकांचे हात थांबले. डच शब्द एकेक करून पुढे येत होते आणि आश्चर्य म्हणजे येत होते. मी म्हणाले, काळा म्हणजे तुमच्याकडे दुःख, ते तू मला शिकवलंस. आता माझं ऐक. माझ्या आईने शेकडो कुंच्या शिवल्या, एकही या मण्याशिवाय दाराबाहेर गेली नाही. हा बसला म्हणजे काम पुरं झालं. या चुण्या तुला हव्यात ना? त्या ज्या हाताने घातल्या तोच हात हा मणी लावतो. मधून कापता येणार नाही. येनेके शांतपणे म्हणाली, "मग हे मला मिरवणुकीत पाठवता येणार नाही. कपाटातही नाही. चुकीची वस्तू बरोबर म्हणून मी लोकांपुढे ठेवत नाही." तिचा आवाज कडक नव्हता. बिनचूकपणा हाच तिचा मणी होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. वर्षभराचे बुधवार माझ्या मांडीवर होते आणि ते हातातून जाताहेत हे कळत होतं. तरी मी दुसरी गाठ मारली. "मग मी हे घरी नेते," मी म्हणाले, आणि तिसरी मारली. सुई डबीत ठेवली. पाठ ताठ केली. कोणीतरी चहा टाका असं अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात लोते म्हणाली, "पण एकदा घालून तरी बघू दे ना." तिला त्या भांडणात काही रस नव्हता, पोरीला आरशात दिसायचं होतं. येनेकेने तिच्यासाठी एक नकली अंबाडा आणला होता. तो त्या बोटभर केसांवर पिनांनी बसवला, वर बॉनेट घातलं, आणि लोतेने मान हलवताच अंबाडा मानेवर, बॉनेट नाकावर. पिना खाली टपटपल्या. सगळ्या हसल्या, लोते सगळ्यांत जास्त. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. येनेके हसली नाही. तिने बॉनेट हातात घेतलं, आतून बघितलं, मागच्या खोलगट भागात मूठ घालून फिरवली, आणि म्हणाली, "हे तू कोणाच्या मापावर केलंस?" आता काय सांगणार? लाकडी डोकं एकच, ते दहा जणींत फिरणार. माझी पाळी येईपर्यंत वाट बघायचा मला कंटाळा. मी घरी न्हाणीघरातल्या आरशापुढे माझ्याच डोक्यावर तार वाकवली होती. आणि माझ्या डोक्यावर माझा अंबाडा होता. कमरेपर्यंतचे केस, आता निम्मे पांढरे. इतक्या चालेल-चालेलमध्ये त्यांना मात्र मी कात्री लागू दिली नव्हती. "माझ्या," मी म्हणाले. ही चूक मात्र खरोखर माझीच होती.

"घाल," येनेके म्हणाली.

मी घातलं. ते डोलणं नाही, सरकणं नाही. माझा अंबाडा त्या खोलगट जागेत जाऊन असा बसला की मला मानेवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. समोरच्या झालरीच्या चुण्या गालांना लागत होत्या आणि माझ्या श्वासाने हलत होत्या. येनेके चष्मा लावून माझ्याभोवती पूर्ण फेरी मारून आली. "अकरा वर्षं त्या कपाटातल्या बॉनेटमध्ये मी कागद कोंबते आहे," ती हळूच म्हणाली. "तिथे केस असायचे हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे. पण बघितलं आज." मग तिने स्वतः माझ्या हनुवटीखाली फितीची गाठ बांधायला घेतली. तिची बोटं झालरीवरून फिरत डाव्या कानशिलापाशी आली, मण्यावर थांबली. मी कात्रीकडे बघितलं नाही. तिच्याकडेच बघत राहिले.

"लोक विचारतील," ती म्हणाली.

"विचारू देत. मी त्याच्या खालीच असेन ना."

तिच्या तोंडावर हसू आलं ते तिला नको असताना आलं. "नवी नवरी मात्र तू दिसत नाहीस."

"ती इंग्रज बाई या गावात म्हातारी झालीच असेल की. बॉनेट काय तिने लग्नाच्या वर्षीच टाकून दिलं?" मी म्हणाले, आणि बायका पुन्हा हसल्या. लोतेने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, उद्या पुढे हीच चालू दे. येनेकेने फितीची गाठ बांधली, ओढून ताठ करायला गेली, थांबली आणि सैल सोडली. मग कपाटात ठेवायच्या चिठ्ठीचा मसुदा काढून माझ्यापुढे सरकवला. "तो मणी कशाचा ते इथे लिही. आणि तुझं पूर्ण नाव लिही, स्पेलिंग नीट." मी लिहिलं. श्रीधर म्हणतात तसं डॉक्युमेंट केलं. अक्षर चांगलं आलं.

रविवारी नदीवरून बोचरा वारा येत होता आणि आकाश निळंशार होतं, इथे डिसेंबरात असं क्वचित होतं. घागरा संग्रहालयाचा होता, चार बोटं लांब, शाल माझी. त्या काळातल्या श्रीमंत बायका हिंदुस्थानातून आलेल्या शाली पांघरायच्या, त्यामुळे शाल मात्र बिनचूक आहे असं येनेकेनेच जाहीर केलं. पुढे मी, मागे तुतारीवाले, त्यांच्यामागे दोनशे खोटे इंग्रज, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा. दगडी रस्त्यावर पावलं नीट टाकावी लागत होती. पहिली शंभर पावलं मला वाटलं, ही कोण बाई मध्येच, असं लोक म्हणत असतील. मग एका म्हातारीने हात करून मला थांबवलं, वाऱ्याने उडणाऱ्या झालरीत डोकावली आणि विचारलं, हा काळा मणी कसला? मी सांगितलं. सांगलीपासून सांगितलं. ती म्हणाली, माझी आजी बाळाच्या अंगरख्याला आतून लाल दोरा शिवायची, आणि माझा हात दाबला. पुढे आणखी एकाने विचारलं, मग एका शाळकरी मुलीने. चौकात येईपर्यंत मी अकरा जणांना सांगितलं होतं आणि माझं डच धावायला लागलं होतं. माझा आनंद मला आवरत नव्हता. आवरायचा कशाला? मी सत्तावन्न वर्षांची बाई, डोक्यावर सांगलीच्या हाताने शिवलेलं इंग्रजी बॉनेट घालून हॉलंडातल्या एका गावाच्या पुढे चालत होते, आणि वारा फितींत शिरत होता आणि एकही चुणी आखडत नव्हती. बाबा, बघणारे कमी पडले नाहीत हो, मी मनात म्हणाले. श्रीधर मोबाइल वर धरून उलटे चालत शूटिंग करत होते आणि लोकांवर आपटत होते.

चौकात हिमानी उभी होती, पोटावर हात ठेवून. ती गर्दीतून पुढे आली आणि माझ्याबरोबर चालायला लागली, हळूहळू, म्हणून मीही पावलं हळू केली. तिने झालर उचलून मणी बघितला. बोट लावलं. मग म्हणाली, "आई, ती कुंची आहे ना अजून? हा मणी तिला परत लावशील? बाळासाठी?" सगळं मराठीत, एकही शब्द न अडखळता, रस्ताभर पाठ करत आली असावी. मी थांबले, तर मागे तुतारीवाले थांबले, त्यांच्यामागे सगळेच. तिने माझ्याकडे पहिल्यांदाच असं काही मागितलं होतं, आणि जिभेवर तो जुना शब्द तयार होता.

"नाही," मी म्हणाले. "हा इथेच राहणार. हा माझ्या कामाचा आहे. बाळाच्या कुंचीला दुसरा लावीन, आजोबांच्या दुकानातले मूठभर मी पुडीत वेगळे ठेवलेत."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग तिचे डोळे हसले. "आणि घरी येणारी नर्स म्हणाली, हे काढा, तर?"

"तर तिला म्हणावं, मग उद्या या."

हिमानी इतक्या मोठ्याने हसली की तिला पोट धरावं लागलं. मी शाल सारखी केली आणि पाऊल उचललं, कारण माझ्यामागे सगळं गाव खोळंबलं होतं.